दोनशेच्या आत

हिवाळ्यात आमच्या बेळगावच्या वडगावात माणूस भेटला की "बरं हाय न्हवं?" असं विचारतात. परशाअण्णा विचारतात, "एक का दोन?" नव्या माणसाला वाटतं, मुलाबाळांची चौकशी चाललीय. अण्णांना विचारायचं असतं हीटरबद्दल. घरी एक कांडी लावता की दोन?

कांडी हा त्यांचा शब्द. धोट्यात घालायला सूत गुंडाळतात ती विणकरांची कांडी. अण्णांचा उभा जन्म मागावर गेलेला, तेव्हा हीटरच्या लालभडक नळ्यांनाही त्यांनी तेच नाव देऊन टाकलं. हिशोब तोंडपाठ. "एक कांडी अडीच तास जाळलीस की एक युनिट. दोन लावल्यास की सव्वा तासात खलास!" महिन्याला दोनशे युनिटांच्या आत राहिलं की आमच्याकडे बिल शून्य येतं, एक जरी वर गेलं की सगळंच अंगावर. सरकारची ही सवलत आल्यापासून अण्णांना दुसरा विषय नाही.

पाहुण्यांची पतही ते कांडीवरच ठरवतात. शेजारी आला, एक. जावई आला, दोन; तेही चहा होईपर्यंत. मग बटण बंद करून म्हणतात, "बसा की, उरलेली ऊब हाय अजून." निघताना कुणी दारात बोलत उभं राहिलं तर ओरडतात, "दार लावा वो, युनिट भाईर चाललं!" रोज सकाळी स्टूल टाकून मीटरसमोर बसतात. जुन्या मीटरची चकती त्यांना जास्त पसंत होती. "ती फिरताना दिसायची तरी. ह्यो नुस्ता डोळा मारतोय."

माझं घर समोरच. लहानपणी इथं हीटर कुणी पाहिला होता? थंडी तेव्हाही बेळगावचीच होती, पण पहाटे घराघरांत माग सुरू व्हायचे आणि त्या खटखटाटानंच निम्मी थंडी पळायची. अण्णा बनियनवर विणायला बसायचे, तरी घामाघूम. त्यांची बायको गंगाक्का बाजूला रहाटावर कांड्या भरायची. तुटलेला धागा तिच्या बोटांत कधी जोडला गेला ते कळायचंसुद्धा नाही. मी दप्तर घेऊन उगाच तिथं बसून राहायचो. सुताचा नि खळीचा वास, आणि आवाजावर आवाज चढवून चाललेलं त्या दोघांचं बोलणं. ते दिवस आठवले की आजही गलबलून येतं. आता माग भंगारात गेले, खोली रिकामी पडली, आणि आयुष्य त्या खटखटाटात काढल्यामुळे आक्काला कमी ऐकू येतं. थंडीत तिची बोटंही आखडतात. डॉक्टरांनी हात शेकायला सांगितले, म्हणून तर त्या घरात हीटर आला.

गेल्या पौषात अण्णा बाजाराला निघाले आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. बघतात तर हीटर बंद, आणि आक्का शालीत हात गुंडाळून बसलेली. यांची पाठ वळली की ती रोज बंद करत होती. "दोनशे व्हतील की वो," ती म्हणाली, "तुमीच सांगताय न्हवं?"

मला हे सांगताना अण्णा पहिल्यांदाच हळू बोलले. "माझंच शिकवणं रं, सुऱ्या. आता लाव म्हणून सांगतोय, तर ऐकत न्हाय."

दुसऱ्याच दिवशी ते माझा हीटर मागून घेऊन गेले. आठवड्यानं मी तो परत आणायला गेलो, तर मागाच्या रिकाम्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, दोन्ही कांड्या लालभडक पेटलेल्या. खिडकीही सताड उघडी.

"अण्णा, आत कुणी नाही!"

"ठाव हाय. तू गप ऱ्हा."

म्हातारा चळला, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

मग बिल आलं. अण्णा कानडी फडाफडा बोलतात, पण वाचता येत नाही, म्हणून दर महिन्याला बिल मीच वाचून दाखवतो. या वेळी त्यांनी मला आक्काच्या शेजारी बसवलं. "मोठ्यानं वाच. हिला ऐकू जाऊंदे."

"दोनशे अकरा युनिट," मी ओरडलो. पुढचा रुपयांचा आकडा ऐकून आक्कानं कपाळाला हात लावला.

अण्णा लॉटरी लागल्यासारखे हसले. "मोडलं दोनशे! आता राखायला कायबी ऱ्हायलं न्हाय. लाव हीटर."

"फुडल्या म्हैन्यात पयल्यापास्नं मोजतील की," आक्का म्हणाली.

"मग फुडल्या म्हैन्यातबी मोडतो. उनाळा येस्तवर मोडतो."

भिंत तापवण्याचं कोडं मला तेव्हा उलगडलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

आक्कानं बटण दाबलं. मग तिनं दोन्ही हात हीटरपुढे धरले. अण्णा खाली बसले आणि तिचं एकेक बोट हळूहळू सरळ करू लागले. करंगळी काही केल्या उघडेना.

"दुखतंय व्हय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"दुखतंय," आक्का म्हणाली, "पर सोडू नगासा."