मोटारीची नाडी

“मिस्त्री कशाला हवाय? ज्याला माणसाच्या पोटातलं मनगटावरून कळतं, त्याला मोटारीच्या पोटातलं कळणार नाही होय? आठ दिवसांत हिचा खोकला बंद करून दाखवतो!”

वैद्य यज्ञेश्वरबुवांनी ही प्रतिज्ञा बाळीवेशीत, आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून, दहाबारा रोग्यांसमक्ष केली. प्रतिज्ञा करताना माणसानं आधी आजूबाजूला कोण आहे ते बघावं. रोग्यांना बसल्याजागी दुसरं काम नसतं, त्यामुळं ते सगळं लक्षात ठेवतात.

मोटार होती जुनी, चार सिलिंडरची, कापडी टपाची. दुधनीच्या एका व्यापाऱ्याचा बारा वर्षांचा दमा बुवांनी बरा केला आणि त्या भल्या माणसानं आनंदाच्या भरात ही गाडी त्यांच्या दारात आणून उभी केली. दमा गेला खरा, पण तो बहुधा गाडीत शिरला असावा! कारण दुसऱ्याच दिवसापासून ती ‘धुक् धुक् धुक् खॉक्’ करू लागली. तीन ठोके नीट, चौथा आला तर आला. आणि मधूनच मागच्या नळीतून असा बार निघायचा, की गल्लीतल्या म्हशी दावी तोडून पळायच्या.

“बुवांची गाडी मिशिंग मारतीया,” असं मोटारीला उभ्या जन्मात हात न लावलेली माणसंही एकमेकांना सांगू लागली. फुलाबाई नावाची म्हातारी खोकल्याची पुडी न्यायला यायची. एक दिवस तिनं पुडी घेतली, गाडीकडं बघितलं आणि पुडी होती तिथं ठेवून दिली.

“का गं फुलाबाई?”

“न्हाय, म्हनलं आदी हिला गुण येऊ द्या. मग मी घेते की!”

हे मात्र बुवांच्या जिव्हारी लागलं. त्यात विजापूर वेशीकडं गळ्यात रबरी नळी घालणारा एक नवा डॉक्टर आला होता. आणि येत्या सोमवारी तर मंद्रूपचे आबासाहेब देशमुख प्रकृती दाखवायला येणार होते! आबासाहेब म्हणजे काही एकटा माणूस नव्हे. घरात रोजची चाळीस पानं, आणि त्यांनी ज्याच्या हातात मनगट दिलं, त्याच्याच हातात अख्खं मंद्रूप मनगट देणार. ते नळीवाल्याकडं गेले, तर बुवांनी खलबत्ता विकायला काढायचा. बुवांना जेवण गोड लागेना.

त्यांनी शास्त्रशुद्ध उपचार सुरू केले. आधी लंघन. तीन दिवस गाडीला पेट्रोलचा थेंब दिला नाही. चौथ्या दिवशी ती भुकेल्या पोटीही, टाकीच्या तळाशी उरलेल्यावर, तेवढीच खोकली. मग ओवा आणि वावडिंगाची धुरी दिली. बॉनेटमधून धूर निघताना पाहून बुवांच्या पत्नीनं, अनसूयाबाईंनी, “अगंबाई, पेटली!” म्हणत अख्खी घागर ओतली. तो दिवस गाडी वाळवण्यात गेला.

शेवटी बुवांनी बॉनेट उघडून चारी प्लगांच्या तारा बोटांनी चाचपल्या आणि ते एकदम ओरडले, “सापडलं! वात! अगं, तारा बघ कशा ताठरल्यात! वाताला एकच उपाय, स्नेहन. तूप आण!”

“अहो, ते सणाचं ठेवलंय!”

“रोग्याच्या तोंडचा घास काढतेस?”

दोन वाट्या साजूक तूप तारांना चोळचोळून जिरवलं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, तर आधी चौथा ठोका कधीमधी तरी यायचा, आता त्यानं येणंच सोडलं!

“चांगलं लक्षण आहे,” बुवा म्हणाले. “रोग आधी उसळतो, मग जातो.” पण त्यांच्या आवाजातला जोर कमी झाला होता.

अनसूयाबाईंनी डब्यात उरलेलं तूप पाहिलं आणि नवऱ्याला न सांगता गिरणीतल्या चनबसप्पा मिस्त्रीला निरोप धाडला. गिरणीचं इंजिन तो सांभाळायचा आणि सुटीच्या वेळात मोटारी दुरुस्त करायचा. आता नशीब बघा! सोमवारी चनबसप्पा हत्यारांची पिशवी घेऊन दारात यायला आणि आबासाहेबांची बैलांची दमणी येऊन थांबायला एकच गाठ पडली.

आबासाहेब उतरले. आधी पोट उतरलं, मागून ते. “नमस्कार, बुवा! तुमची गाडी लई खोकती म्हनं?”

“किरकोळ आहे हो.”

“मग आदी तिचंच चालू द्या. आमाला बी बघायचं हाय, तुमच्या हाताला गुण कसा येतोय त्यो. मी बसतो की हितं.” आणि ते गुडघ्यावर काठी आडवी ठेवून ओट्यावर ऐसपैस बसले. फुलाबाईसकट सगळे रोगी त्यांच्या मागं दाटीनं उभे राहिले.

चनबसप्पानं बॉनेट उघडलं. “दोन मिन्टाचं काम हाय, बुवा. बघू का?”

“तुम्ही फक्त हँडल मारा, मिस्त्री. नाडी मी बघणार!”

“कुनाची?”

“हिची!”

“अय्यो! चालू गाडीत तितं हात घालू नका. बसंल एकादा...”

“तीस वर्षं नाडी बघतोय मी. कुठं काय बसेल आणि कुठं काय उठेल, हे मला शिकवू नका!”

चनबसप्पानं आबासाहेबांकडं पाहिलं. आबासाहेबांनी ‘होऊ द्या’ अशी मान हलवली. हँडल फिरलं आणि गाडी धडधडू लागली.

“बायकांची नाडी डाव्या हाताची. तेव्हा हिची डावी बाजू!” असं जाहीर करून बुवा डावीकडं गेले. पहिल्या प्लगच्या पितळी टोपीवर त्यांनी तीन बोटं अलगद टेकवली.

पुढं काय झालं ते बुवांनाही नीट सांगता आलं नसतं. बोटांतून काहीतरी शिरलं, कोपरात वळलं, दाढांना भेटलं आणि शेंडीतून बाहेर पडलं! दुसरा कोणी असता तर बोंब मारली असती. पण समोर आबासाहेब होते, आबासाहेबांच्या मागं मंद्रूप होतं.

“पि... पि... पित्त!” बुवा दात आवळून म्हणाले. “प्रखर पित्त!”

“वा!” आबासाहेब म्हणाले. “लगेच कळलं की!”

आता मागं सरायची सोय उरली नाही. बुवांनी दुसऱ्या प्लगला हात लावला. पागोटं उडून फुलाबाईच्या ओटीत पडलं. “वात!” तिसऱ्याला लावला, तेव्हा दोन्ही पायांनी जमीन सोडली. “कफ! कफ आहे! खूप आहे!”

डोळ्यांत पाणी, हात कोपरापर्यंत बधिर. चौथा प्लग अजून बाकी! बुवांनी डोळे मिटले, धन्वंतरीचं नाव घेतलं आणि बोटं टेकवली.

काही नाही.

एक डोळा उघडला. बोटं दाबली. तरी काही नाही! त्या प्लगबद्दल बुवांना इतकी माया दाटून आली, की त्यांनी तो पोटच्या पोरासारखा कुरवाळला.

“आहाहा! ही बघा नाडी! शांत, सौम्य. आबासाहेब, रोग सापडला. त्या तिघी बिघडल्यात, ही एकच निरोगी! मिस्त्री, त्या तीन काढून टाका. हिला हात लावू नका!”

चनबसप्पानं डोकं खाजवलं. “बुवा, उलटं हाय. त्या तिगी जित्या हायत म्हनून झटका बसला. ही शांत हाय, कारन ही मेलीया.”

सगळे रोगी माना पुढं काढून ऐकू लागले. गाडी तीनच ठोके बोलत होती. मिस्त्रीनं गाडी बंद केली, चौथी तार उपसून वर धरली. मध्येच कुरतडलेली!

“हे बघा, उंदराचं काम. पयल्यांदा प्लगला नुसती काजळी व्हती, पुसली असती तर भागलं असतं. पन उंदीर तारंला कशापायी लागला?” त्यानं तार नाकाशी नेली. “ह्येला साजूक तूप कुनी लावलं?”

“मी नाही बाई!” अनसूयाबाई घाईनं म्हणाल्या. बुवा पागोटं बांधण्यात गढून गेले.

नवी तार बसली, प्लग पुसला, हँडल फिरलं. चारी ठोके एका तालात! फुलाबाईनं टाळ्या पिटल्या. “गुण आला गं बाई!” बुवांनाही क्षणभर हायसं वाटलं. काही झालं तरी गाडी बरी झाली होती, आणि ती त्यांच्याच दारात बरी झाली होती. ते सावरून आबासाहेबांसमोर बसले आणि हात पुढं केला. 

“हं, आबासाहेब! आता आपली नाडी बघू.”

आबासाहेबांनी बाही वर सारली, पण मनगट मांडीवरच ठेवलं. चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती.

“बुवा, तुमच्याबद्दल आमाला लई आदर हाय. तुमी बिघडलंय म्हनाला, तर काय वाटनार न्हाय. पन निरोगी म्हनाला, तर आमी घरी कसं जावं?”

एवढं बोलून त्यांनी बुवांच्या डोक्यावरून हात लांब केला. “मिस्त्री, जरा बघता का?”

चनबसप्पा बिचारा ओशाळला. पण देशमुखांना नाही कसं म्हणायचं? त्यानं हात धोतराला पुसले, मनगट धरल्यासारखं केलं आणि पोटाकडं बघितलं. “मानसातलं मला काय कळतंय, मालक? पन इंजिन असतं, तर म्हनलो असतो, तेल लई पडतंय अन् गाडी नुसती उबी हाय. तेल कमी करा, रोज फिरवा.”

“व्हय की! अगदी बरुबर!” आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि दमणी मागं ठेवून ते मंद्रूपच्या दिशेनं चालतच निघाले. रोगीही एकेक करून मिस्त्रीभोवती जमा झाले. फुलाबाई तर जीभ बाहेर काढूनच उभी राहिली.

अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, मिस्त्री काही चुकीचं बोलला का हो?”

“छे गं,” बुवा बधिर बोटं चोळत म्हणाले. “मी तेच सांगणार होतो. फक्त संस्कृतात!”