धनेशिणीचं दार आणि माकडाची चिकटपट्टी

एका जंगलात एकही पिशवी नव्हती. खोका नव्हता, डबा नव्हता, पाकीट कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नव्हतं. काय हसता, बाळांनो? खरंच नव्हतं!

मग त्यांचं चालायचं कसं? झकास चालायचं. फणस आपला काटेरी कोट घालूनच यायचा. चिंच टरफलात यायची. अस्वलाला घरी मध न्यायचा झाला, तर ते पळसाची दोन पानं तोडायचं, द्रोण करायचं, मध संपला की द्रोण चाटूनपुसून टाकून द्यायचं. काही दिवसांत त्या द्रोणाची माती. याला पुनर्वापर म्हणतात हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. अडाणी जंगल हो, दुसरं काय!

तर या अडाणी जंगलात सखोबा नावाचा एक धनेश राहत होता. धनेश कसा असतो माहीत आहे? आधी चोच येते, मग मागून पक्षी येतो. एवढी मोठी चोच! बायकोचं नाव अनसूयाबाई. दोघांचं घर एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत होतं. सखोबाच्या आजोबांपासूनचं घर.

धनेशांच्या घराण्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको ढोलीत जाऊन बसते. नवरा चोचीतून ओली माती आणून देतो आणि ती आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. साप नको, मुंगूस नको, न बोलावता येणारे पाहुणे तर नकोतच. आत तिची पिसं झडतात, अंडी उबतात, पिल्लं होतात. नवरा दिवसभर उंबरं आणतो आणि फटीतून भरवतो. पिल्लं मोठी झाली की ती चोचीनं भिंत फोडते आणि बाहेर येते. लिंपणार ती, फोडणार ती. नवऱ्यानं फक्त माती आणायची आणि उंबरं आणायची. याहून जास्त अक्कल नवऱ्याला लागू नये, अशीच ती रीत होती.

पण त्या वर्षी सखोबाला अक्कल आली. आणि तिथेच घोळ झाला.

त्याचं असं झालं, की जंगलातून पळून गेलेलं एक माकड परत आलं. इतकी वर्षं ते गडाच्या पायथ्याशी, गाड्या लावतात ना, तिथल्या कठड्यावर बसून माणसांचा अभ्यास करत होतं. माणसं पाकीट फोडतात, आतलं खातात, पाकीट फेकतात. कधीकधी उलटं करतात. आतलं फेकतात आणि खोका जपून माळ्यावर ठेवतात. माकडानं हे सगळं ज्ञान घेतलं, मोठमोठ्या गोण्या भरल्या आणि जंगलात येऊन दुकान मांडलं. लोक त्याला माकडशेठ म्हणू लागले.

माकडशेठ पहिल्यांदा गेले वाघोबांकडे. म्हणाले, "महाराज, आपण राजे असून उघडं मांस खाता? ज्यावर माश्या बसतात ते?"

वाघोबा ओशाळले. राजे खरे, पण हे त्यांना आजवर कुणी सुचवलंच नव्हतं.

माकडशेठनी मांसाचा तुकडा पांढऱ्याशुभ्र थर्माकोलच्या ताटलीत ठेवला. वरून पातळ प्लास्टिक ताणून बसवलं. "बघा महाराज! पंजाला रक्त नाही, मिशीला डाग नाही. हरीण मेलं असं वाटतच नाही."

वाघोबांना ते फार आवडलं. एवढी वर्षं हरणं खाऊन त्यांना मनातून कुठेतरी वाईट वाटत होतं, ते एकदम बंद झालं. त्यांनी लगेच दवंडी पिटवली, "उघडं ते घाण! यापुढे जंगलात काहीही उघडं दिसता कामा नये!"

झालं! माकडाच्या हाती कोलीत.

केळ्यांच्या साली काढल्या आणि केळी पिशवीत घातली. उंबरं तोडून पाकिटात कोंबली. पाकीट केवढं, तर भोपळ्याएवढं. आत उंबरं चार, बाकी सगळी हवा. बडा घर पोकळ वासा! साळिंदरालासुद्धा त्या फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायला गेले. दिवसभर फटाफट, फटाफट! शेवटी प्लास्टिक संपलं, पण साळिंदर काही गुंडाळलं गेलं नाही.

आता एवढा कचरा होणार, तर त्याची व्यवस्था नको? रानडुकराला पुनर्वापर अधिकारी नेमलं. त्यानं दोन खड्डे खणले, एक ओल्या कचऱ्याचा, एक सुक्याचा. सगळी जनावरं अगदी मन लावून कचरा वेगळा करायची. मग रानडुक्कर दोन्ही खड्डे उपसायचं आणि टेकडीमागच्या ओढ्यात लोटून यायचं.

एकदा सशानं विचारलं, "साहेब, दोन्ही एकत्रच टाकता?"

"ओढ्यापर्यंत वेगळा असतो ना?" रानडुक्कर गुरकावलं. "पुढचं आमच्या हद्दीत येत नाही."

अशात अनसूयाबाईंचे दिवस भरत आले. त्या ढोलीत जाऊन बसल्या. सखोबा नेहमीसारखा ओढ्यावर गेला, चोचभर माती घेतली आणि निघाला. वाटेत माकडशेठचं दुकान.

"काय सखोबा, तोंडात काय?"

चोचीत माती असल्यावर बोलणार काय? सखोबानं मान हलवली.

"चिखल? अरेरे! वहिनींसाठी चिखल नेताय? बाळंतिणीच्या खोलीला चिखल?" माकडशेठ इतकं हसले की शेजारचं भेकरही हसायला लागलं. "ही घ्या खाकी चिकटपट्टी. माणसं सगळ्याला हीच लावतात. शेपटीतलं एक पीस द्या, न्या आख्खं रीळ."

सखोबाला लाज वाटली हो. चारचौघांत हसं झालं की भल्याभल्यांची बुद्धी जाते, हा तर बिचारा पक्षी. त्यानं माती थुंकली, पीस दिलं आणि चिकटपट्टी घेऊन घरी आला.

"अहो, माती कुठाय?" आतून अनसूयाबाई.

"माती गेली आता. हे बघ, नवीन आलंय."

"हे आतून लावायचं कसं?"

"आतून नाहीच लावायचं, बाहेरून लावतात. तू बस निवांत, मी लावतो."

अनसूयाबाई म्हणाल्या, "माझ्या चोचीनं फुटेल ना पण?"

"अगं वेडे, फुटायला कशाला पाहिजे? मजबूत आहे!"

आणि सखोबानं पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी, फट सोडून सगळं दार चकाचक बंद करून टाकलं. लांब जाऊन बघितलं. ऊन पडलं की घर चमकायचं. त्याची छाती अभिमानानं फुगली.

मग सुरू झालं उंबरांचं. सुटी उंबरं मिळेनात, सगळी पाकिटातली. पाकिटावर बाण काढलेला, 'येथे फाडा'. सखोबा येथे फाडायला जायचा. येथे फाटायचं नाही. तिथेही फाटायचं नाही. मग तो चिडून चोचीत धरून हिसडायचा आणि पाकीट असं काही फुटायचं की चारही उंबरं खाली! ती वेचून, पुसून फटीतून द्यायची. झाडाखाली पाकिटांचा ढीग साठला. भेकरानं त्यातलं एक खाल्लं आणि त्याचं पोट असं फुगलं, की माकडशेठ म्हणाले, "बघा, याला म्हणतात भरपेट जेवण."

पिल्लं झाली. दोन. बापाला त्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तेवढ्यानंही त्याला इतका आनंद व्हायचा की तो झाडाभोवती उगाच दोन फेऱ्या मारून यायचा.

पुढे ऊन तापलं. पिल्लं वाढली, ढोलीत दाटी झाली. बाहेर पडायची वेळ आली. अनसूयाबाईंनी चोच उगारली आणि दारावर हाणली.

माती असती तर ढेकूळ पडलं असतं. पट्टी नुसती ताणली, आणि परत जागेवर आली. त्यांनी पुन्हा हाणली. पट्टी पुन्हा ताणली. वरून नवीन आलेली पिसं चिकटली ती वेगळीच.

"अहो, हे उघडत नाही!"

"जोर लाव!"

"तुम्ही लावा की! बाहेरून तुम्हीच लावलंय ना?"

सखोबानं बाहेरून चोच घातली. चोच चिकटली. मग तो अर्धा दिवस स्वतःच्याच दाराला लोंबकळत राहिला. हसू नका. हसायचं असेल तर हसा, पण आत तीन जीव उकाड्यानं तगमगत होते हे लक्षात ठेवा.

सुटल्याबरोबर तो माकडशेठकडे धावला. "शेठ, दार उघडत नाही!"

"उघडणारच नाही. शंभर वर्षांची हमी आहे."

"पण माझी बायको आत आहे! पोरं आहेत!"

"अभिनंदन. सखोबा, आमचा धंदा बांधण्याचा. उघडणं हा वेगळा विभाग असतो. तो अजून निघालेला नाही."

सखोबा रानडुकराकडे गेला. रानडुक्कर म्हणालं, "रिकामं झाल्यावर आणा, खड्डा सांगतो." वाघोबांकडे गेला. वाघोबा ताटलीतलं मांस खात होते. म्हणाले, "सीलबंद आहे ना? मग काळजी कसली?"

शेवटी तो वाळवीच्या वारुळाशी गेला. जंगलात काहीही संपवायचं असेल तर लोक तिच्याकडेच जात. वाळवी म्हणाली, "दादा, लाकूड असेल तर बोला, पालखीसुद्धा खाऊ. हे प्लास्टिक नको. आमच्या मावशीनं चाखलं होतं, आठवडाभर तिच्या घशाखाली काही उतरलं नाही."

सखोबा परत येऊन फटीशी बसला आणि ढसाढसा रडायला लागला. "अनसू, सगळीकडे जाऊन आलो गं. वाळवीसुद्धा नको म्हणते. लाकूड असेल तर बोला म्हणते."

आतून आवाज आला. बारीक झाला होता, पण धार तीच. "मग लाकूडच खायला सांगा ना!"

"काय?"

"दार राहू दे तसंच. दाराच्या बाजूचं झाड खायला सांगा. तिथलं लाकूड तसंही पोचट झालंय, मी चोचीनं ठोकून बघितलंय."

सखोबानं वर बेहड्याकडे बघितलं. "अगं, झाड पोखरलं तर घर जाईल. आजोबांचं घर!"

"घर गेलं तर दुसरं बघू. पोरं गेली तर काय बघणार आहात?"

सखोबा वाळव्यांना घेऊन आला. त्या बाहेरून लागल्या, अनसूयाबाई आतून लागल्या, आणि सखोबा मधे मधे येऊन चोच मारू लागला. भुसा उडाला. दाराशेजारी हे एवढं भगदाड पडलं, आणि त्यातून आधी एक पिल्लू, मग दुसरं पिल्लू, आणि मग अनसूयाबाई बाहेर आल्या. अर्धी पिसं खाकी पट्टीला चिकटून गेलेली, डोळे खोल गेलेले. सखोबानं त्यांच्याकडे बघितलं.

"चुकलो गं," तो म्हणाला.

"ते मागाहून. आधी उंबर आणा. सुटं!"

पुढे वळवाचा वारा सुटला, आणि पोखरलेला बेहडा कडाडकन मोडून पडला. आजोबांपासूनचं घर जमीनदोस्त झालं. चौघंजण शेजारच्या फांदीवर बसून बघत होते. पिल्लांना मजा वाटली. सखोबाला मात्र तिकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल तिथे जमलं. वाघोबा आले. माकडशेठ पुढे झाले आणि त्यांनी पडलेल्या खोडातून ते दार अलगद सोडवून सगळ्यांना दाखवलं.

"बघा, महाराज! झाड पडलं. ढोली फुटली. राहणारे निघून गेले. पण आपली पट्टी बघा. एक ओरखडा नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाघोबांनी पट्टीला 'वनभूषण' किताब दिला. सखोबाला समाधानी ग्राहक म्हणून शाल दिली. ती शाल प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि पिशवीवर लिहिलं होतं, 'येथे फाडा'.

"आणि घराची काळजी नको!" माकडशेठ म्हणाले. "पुढच्या वर्षीसाठी पुठ्ठ्याचा खोका आणलाय. वर झाडाच्या सालीचं चित्र छापलंय. अगदी निसर्गाला धरून! सखोबा, शेपटीत पिसं उरली आहेत ना? तर मी काय म्हणत होतो..."

ते काय म्हणत होते ते कुणाला कळलं नाही. कारण अनसूयाबाई ओढ्यावरून चोचभर ओली माती घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती थप्पकन माकडशेठच्या तोंडावर थापली. वरून चोचीनं गुळगुळीत केली. हात सराईत होता, चोच म्हणा हवं तर. ऊन कडक होतं, माती बघता बघता वाळली आणि माकडशेठचं तोंड बंद झालं.

काय शांतता पसरली म्हणून सांगू! भेकराला बरं वाटलं. साळिंदर पहिल्यांदाच हसलं. वाघोबांनाही हायसं वाटलं, पण राजे असल्यामुळे त्यांनी ते दाखवलं नाही. सखोबा तर बायकोकडे असा बघत राहिला, की जणू तिला आजच पाहतोय.

पण बाळांनो, माती ती मातीच. माकडशेठनी तोंड ओढ्यात बुडवलं, माती विरघळून गेली, आणि बाहेर येऊन ते म्हणाले, "तर मी काय म्हणत होतो..."

तात्पर्य : माती फार काळ टिकत नाही, हाच तिचा दोष आहे. म्हणून जंगलात चिकटपट्टी अवश्य असावी. फक्त ती दाराला न लावता विकणाऱ्याच्या तोंडाला लावावी. शंभर वर्षांची हमी तिथेच कामी येते.