सहानुभूतीत नापास

दया दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा सहानुभूतीत.

परदेशात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. त्यातलं वाचन, लेखन दया सहज पार करायची. अडायचं ते बोलण्यात. तिथं परीक्षक स्वतःच पेशंट होऊन समोर बसतो. एक कार्ड त्याच्या हातात, एक आपल्या. या पेशंटला गोळ्या घ्यायच्या नसतात, किंवा ऑपरेशन नको असतं, किंवा ॲडमिट राहायचं नसतं. तिकडचे पेशंट एकूणच नन्नाचा पाढा लावणारे असावेत. नर्सने त्याचं मन वळवायचं. पण वळवण्याआधी त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला काय माहीत आहे ते विचारायचं आणि 'आय अंडरस्टँड, धिस मस्ट बी व्हेरी डिफिकल्ट फॉर यू' असं म्हणायचं. म्हणजे, तुम्हाला किती अवघड जात असेल ते मी समजू शकते. याला मार्क असतात.

दयाला वाक्य पाठ होतं. पण तिची सगळी नोकरी नगरमधल्या एका हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात गेली होती. तिथं पेशंट "सुई नको" म्हणाला की "हात पुढं करा" म्हणायचं, एवढी सहानुभूती पुरायची, आणि पेशंट बरेही व्हायचे. परीक्षेत तिच्या तोंडून ते वाक्य निघायचं, पण घरपट्टी थकल्याचं कळवावं तसं.

तिसरी परीक्षा उद्या पुण्यात होती. तिकडच्या हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, ती याच परीक्षेपर्यंत. नंतर ती दुसऱ्या कुणाला.

म्हणून शमुवेल सर पेशंट झाले.

सर म्हणजे दयाचे वडील. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्यापासून नगरच्या सावेडी भागातल्या बंगलीत बाप-लेक दोघंच. चर्चच्या नाताळच्या नाटकात, बाळांची कत्तल करणाऱ्या हेरोद राजाचं काम वर्षानुवर्षं सरांकडे होतं. पुढच्या रांगेतली मुलं त्यांना पाहून खरोखर रडत, आणि सर तीच खरी दाद मानत. कार्ड हातात येताच त्यांनी चष्मा पुसला.

"पप्पा, नीट ऐका. तुम्ही साठीचे गृहस्थ आहात. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ जातेय. पण ॲडमिट व्हायचं नाही. खर्चाची भीती वाटते."

"का वाटते? त्यामागे काही पूर्वइतिहास?"

"काही नाही. वाटते."

"असं कसं? बायको आहे का त्याला? शेतीवाडी?"

"पप्पा, तो मँचेस्टरचा आहे."

"मग शेती नसेल," सर गंभीरपणे म्हणाले आणि डोळे मिटून मँचेस्टरला गेले.

सरावाचा निकाल चांगला नव्हता. सर कळवळून छाती धरत आणि दया त्यांना इंग्रजीतून असा धीर देई की सर मध्येच उठून बसत. "तू मला थोपटतेयस की हाकलतेयस?"

"वेळ पाच मिनिटांची असते, पप्पा. थोपटत बसले तर आजार कधी विचारू?"

शेवटी ती पासपोर्टची झेरॉक्स काढायला म्हणून चौकात गेली. मोबाईल चार्जिंगला घरीच राहिला. सरांनी खुर्ची पोर्चमध्ये घेतली आणि एकट्यानेच तालीम पुढं चालू ठेवली.

याच वेळी शेजारचे कारभारी पिशवीभर लिंबं घेऊन फाटकातून आत आले. हे मूळचे काष्टीचे बागायतदार. पोरांच्या शाळेसाठी सावेडीत राहायला आलेले, आणि शेजारधर्म गावाकडून जसाच्या तसा पिकअपमध्ये घालून आणलेला. त्यांना दिसलं ते असं : सर खुर्चीत तिरपे, हात छातीवर, डोळे पांढरे, आणि तोंडात, "ओ सिस्टर! माय चेस्ट! इट इज गोइंग इन माय लेफ्ट आर्म!"

"सर! ओ सर! काय हुतंय?"

आता सरांनी इथं थांबायला हवं होतं. पण स्टेजवर पडदा अंगावर पडला तरी हेरोद न सोडणारा तो माणूस. त्यात प्रेक्षक आलेला. "मिस्टर कारभारी," ते कण्हले, "आय डोन्ट वाँट हॉस्पिटल. इट इज टू मच एक्स्पेन्सिव्ह!"

कारभारींना त्यातलं 'हॉस्पिटल' तेवढं कळलं. शिवाय त्यांच्या अनुभवात माणूस आपणहून इंग्रजी बोलायला लागतो तो दोनच प्रसंगी. सर दारूच्या थेंबालाही शिवत नसत. म्हणजे दुसरा प्रसंग. लिंबं पोर्चभर सांडली आणि सर पिकअपमध्ये गेले.

"अहो, नाटक आहे नाटक!" सर वाटेत मराठीवर आले. "मला काहीसुद्धा झालेलं नाही."

"आमचे चुलते बी असंच म्हनत हुते, कायबी झालं न्हाई," कारभारींनी हॉर्नवरचा हात काढला नाही. "काय झालं हुतं ते दहाव्याला समजलं."

हॉस्पिटल नवं होतं, काचेचं होतं आणि पिकअपच्या वाटेत पहिलं होतं. डॉक्टर आदिनाथ तरुण होते, हसतमुख होते, आणि कारभारींनी जिना चढता चढता सांगितलेली सगळी हकिकत त्यांनी आधीच लिहून घेतली होती.

"छातीत दुखतंय?"

"नाही. मी अभिनय करत होतो."

डॉक्टरांनी लिहिलं, 'पेशंट नाकारतो.' "डाव्या हातात कळ?"

"ती कार्डावर होती."

"बरं. आणि खर्चाची काळजी वाटते?"

सरांनी छताकडे पाहिलं. छतालाही आरसे होते. "इथं आल्यापासून वाटायला लागलीय."

"तेच," डॉक्टर प्रसन्न झाले. "काका, आमच्याकडचे निम्मे पेशंट हेच म्हणतात. काही झालं नाही असं म्हणणं हेच पहिलं लक्षण असतं."

छातीचा कार्डिओग्राम काढला. नॉर्मल आला.

"मग जाऊ मी?"

"नॉर्मल आलाय म्हणूनच ठेवायला हवं. बिघडलेला असता तर काय झालंय ते तरी कळलं असतं."

दया घरी आली तर खुर्ची रिकामी, पोर्चमध्ये लिंबं आणि मोबाईलवर कारभारींचे मिस्डकॉल. तिने उलट फोन लावला आणि झेरॉक्स हातात तशीच धरून ती रिक्षाने हॉस्पिटलला पोचली. आतल्या टेबलाशी पंकजा बसली होती. मेडिक्लेमचं काम तिच्याकडे. तिने दयाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आनंदाची बातमी दिली.

"तुमच्या पॉलिसीत वडील आहेत ना मॅडम, त्यांच्या पाकिटात कार्ड मिळालं. कॅशलेसचं अप्रूव्हल आलंसुद्धा!"

टाके निघाले तरी अप्रूव्हलची वाट बघणारे पेशंट दयाने पाहिले होते. "इतक्या लवकर?"

"केसच तशी आहे ना. छातीत कळ, डावा हात, घाम. या काकांनी सगळं व्यवस्थित सांगितलं."

"घाम?"

"घाम मला सुटला हुता," बाजूच्या बाकावरचे कारभारी भिंतीकडे बघत म्हणाले.

"मॅडम, माझे वडील माझ्या परीक्षेसाठी पेशंटचं काम करत होते. त्यांना काही झालेलं नाही. मी घेऊन जाते."

"न्या ना. सल्ल्याविरुद्ध नेलं अशी सही करा. मग कॅशलेस रद्द होईल आणि बिल तुम्ही भराल."

"कसलं बिल? आत्ता तर आलेत!"

"ऑब्झर्वेशन चालू झालंय ना."

"मग लिहा की त्यांना काही झालंच नव्हतं."

"तसं लिहिलं की कंपनी विचारते, मग ॲडमिट कशाला केलं? खोटा क्लेम धरतात. पॉलिसीच जाते."

"मग डॉक्टरांना लिहू द्या, बरे झाले, सोडतो."

पंकजाला तिची कीव आली. "काय झालं होतं ते लिहिल्याशिवाय बरे झाले कसं लिहिणार, मॅडम?"

आजारी माणूस बरा होऊन घरी जातो. ज्याला आजारच नाही तो बरा कसा होणार, आणि बरा न होता घरी कसा जाणार? दयाला इतकी वर्षं हे सुचलंच नव्हतं. ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. डॉक्टर मदतीला पूर्ण तयार होते.

"आपण एखादं निदान करून टाकू. गॅस लिहिला असता, पण गॅससाठी ॲडमिट केलेलं कंपनीला चालत नाही. टेन्शन लिहिलं तर तुमच्या पॉलिसीत त्याला मर्यादा आहे, वरचं तुम्हाला भरावं लागेल. हृदयाचं काहीतरी लिहिलं तर सगळं बसतं. फक्त पुढच्या वर्षीपासून तो जुना आजार म्हणून धरतील आणि हृदयाचं खरंच काही झालं तर देणार नाहीत."

"आणि खरं लिहिलं तर?"

"खऱ्याला कोड नंबर नाही."

दयाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किंचित पुढं झुकले. आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आय अंडरस्टँड. धिस मस्ट बी व्हेरी डिफिकल्ट फॉर यू."

नजर जिथं हवी तिथं. थांबले जिथं थांबायला हवं तिथं. पैकीच्या पैकी मार्क. क्षणभर दयाला खरोखर बरं वाटलं, आणि सगळ्यात भयंकर तेच होतं.

"मग कधी सोडाल?"

"ऑब्झर्व्ह करू," डॉक्टर त्याच आवाजात म्हणाले.

सर वरच्या मजल्यावर हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात पडले होते. छातीला वायरी, बोटाला चिमटा. कारभारी स्टुलावर बसून त्यांना मोसंबी सोलून देत होते.

"पप्पा, उठा," दया कुजबुजली. "प्रत्येक हॉस्पिटलला मागचा जिना असतो. जेवणाच्या ट्रॉल्या तिकडून वर येतात, वॉचमन नसतो. कपडे घाला, जेवणाचा डबा हातात धरा आणि पेशंटच्या नातेवाइकासारखा कंटाळलेला चेहरा करून खाली जा. पिकअप मागं लावू."

"लावतो की," कारभारी उठलेच.

सर उठले नाहीत. "पळून गेलेला पेशंट म्हणून नोंद झाली तर? पॉलिसी तुझी आहे. उद्या व्हिसाच्या वेळी कुणी काढलं म्हणजे? मी नाही येत. तू पुण्याला जा."

"तुम्हाला इथं टाकून?"

"टाकून कसलं? पडून राहायचंच काम आहे. संवादसुद्धा नाहीत." मग हळूच म्हणाले, "तुझं बघ तेवढं. आवाज खाली ठेव. थोपट जरा."

"ताई, तुमी बिनघोर जावा," कारभारी म्हणाले. "मी आनलंय, मीच संभाळतो."

"काका, तुम्ही फक्त कुणाला काही सांगू नका."

सकाळी दया एसटीत असताना कारभारींचा फोन आला. सोनोग्राफीसारखं काहीतरी हृदयाचं केलं, ते नॉर्मल आलं. त्यामुळं डॉक्टरांची काळजी वाढली होती. मुक्कामही.

पुण्यात परीक्षेची खोली लहान होती. टेबलावर रेकॉर्डर, पलीकडे एक मध्यमवयीन बाई. मराठीच असाव्यात, पण परीक्षेपुरत्या इंग्रज. दयाने आपलं कार्ड उलटलं. पेशंटचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, त्याला घरी जायचं आहे. आणखी काही दिवस राहणं कसं हिताचं आहे ते पटवून द्या.

दयाने कार्ड पुन्हा वाचलं. तेच होतं.

"आय फील फाइन," बाई ठरल्याप्रमाणे कण्हल्या. "आय वाँट टू गो होम."

"आय अंडरस्टँड," दया म्हणाली. आणि ती थांबली, कारण तिला ते खरोखरच समजलं होतं. आवाज आपोआप खाली गेला. ती पुढं झुकली. "धिस मस्ट बी व्हेरी डिफिकल्ट फॉर यू."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं असावं, कारण त्या हसल्या.

आता मन वळवायचं. आता म्हणायचं, डॉक्टर तुमच्या भल्यासाठीच सांगताहेत. दयाने तोंड उघडलं आणि अतिशय मऊ, शुद्ध, न अडखळणाऱ्या इंग्रजीत ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे तुम्ही चांगल्या आहात. घरी जा. कशावर सही करू नका. कुणी काही आजार निवडायला सांगितला तर निवडू नका. मागच्या बाजूला जिना आहे, जेवणाच्या ट्रॉल्या येतात तो. हातात डबा घ्या, कुणी अडवणार नाही."

बाईंच्या कार्डावर पुढं 'हट्ट सोडत नाही' असं लिहिलेलं होतं. त्यांनी तो प्रामाणिकपणे केला. "बट आय वाँट टू गो होम."

"येस," दया म्हणाली. "गो."

उरलेला वेळ दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. घंटा झाली. बाईंनी रेकॉर्डर बंद केला. दयाने पर्स खांद्याला लावली. पप्पांना काय सांगायचं ते तिला ठाऊक होतं. कसं सांगायचं तेवढं ठरायचं होतं.

"अहो, एक मिनिट." बाईंनी चष्मा काढला, दाराकडे एकदा पाहिलं आणि त्या मराठीत आल्या. "तो जिना... सगळ्याच हॉस्पिटलांना असतो का हो? आमचे सासरे आठवडाभर ऑब्झर्वेशनखाली आहेत. सगळं नॉर्मल येतंय, आणि..."



दया पुन्हा खुर्चीत बसली. तिने आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांना काय काय माहीत आहे ते विचारलं. मग त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना धीर दिला, आणि मगच, न घाई करता, एकेक मजला करत जिना समजावून सांगितला.

परीक्षेला हवं असतं तसंच, अगदी तस्संच. फक्त मराठीत, आणि रेकॉर्डर बंद झाल्यावर.