तिसऱ्यापासून दुकान

आमच्या शेजारचा दत्ता परब वर्षातून एक हक्काची रजा फक्त शिव्या देण्यासाठी काढतो. क्रिकेटच्या एका व्हिडिओ गेमचा नवा भाग ज्या दिवशी येतो, त्या दिवशी तो कामावर जात नाही. गेम विकत घेतो, वीस मिनिटं खेळतो आणि आमची बेल वाजवतो.

"वाट लावली रे," म्हणत तो सोफ्यावर बसतो. पुढचा तासभर मी मान हलवतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यामुळे मला ते जमतं.

दत्ता मुलुंडमध्ये ठोकलेल्या गाड्या तपासून विम्यासाठी नुकसान ठरवतो. त्यामुळे कशाकडेही बघताना तो आधी पोचा शोधतो. आमच्या नव्या सोफ्यातही त्याने दोन शोधून दिले होते.

गेमबद्दलचं त्याचं मत ठरलेलं आहे. "पहिला भाग काढतात खेळवेडे. दुसरा काढतात त्यांचे हिशेबी मित्र. तिसऱ्यापासून नुसतं दुकान." गेल्या वर्षी आलेला भाग सातवा होता.

"अरे, पहिल्या भागात चार बटणं होती, पण चेंडू स्विंग व्हायचा. आता सतरा बटणं. त्यातलं एक नुसतं हेल्मेट सारखं करायला. बॅट्समनच्या कपाळावरचा घाम दिसतो, शर्टाची शिवण दिसते. आणि चेंडू? सरळ येतो, पोस्टमनसारखा."

"पण चित्र सुधारलं ना?" मी.

"स्थळाचा फोटो पण चांगलाच असतो रे. नांदायचं कोणी?"

त्याचं म्हणणं, दरवर्षी काहीतरी नवं चिकटवायचं आणि सडकं होतं ते तसंच ठेवायचं, म्हणून हे गेम म्हातारे होतात. कॉमेंट्रीवाला सहा भागांपासून तीच चार वाक्यं बोलतो. त्रिफळा उडाला तरी 'काय सुरेख फटका' म्हणतो.

"मग घेता कशाला, भावोजी?" आमच्या हिने एकदा विचारलं.

"वहिनी, गाडी बघितल्याशिवाय रिपोर्ट कसा देणार?"

एक तक्रार मात्र त्याने कधी केली नाही. पहिल्या भागात एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचे. उजवीकडे दत्ता, डावीकडे त्याची बायको, सुलभावहिनी. पोळ्या लाटता लाटता त्या पिठाच्या बोटांनी यायच्या, दत्ताला धू धू धुवायच्या आणि तव्यावरची पोळी करपायच्या आत परत जायच्या. पुढच्या भागांनी ती सोयच काढून टाकली. दुसऱ्याशी खेळायचं तर नेटवरून, ज्याने त्याने आपापल्या घरी बसून. वहिनींनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "शेजारी बसून चिडवता येत नाही, तर खेळायचं कशाला?"

गेल्या वर्षी त्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. बारसं झालं, उष्टावण झालं, लेक नोकरीवर रुजू झाली. वहिनी तिथेच आहेत. "नातू सोडत नाही," दत्ता सांगतो आणि विषय बदलतो.

यंदा त्याने रजा काढली, पण दिवसभर बेल वाजली नाही. वाजली ती रविवारी दुपारी. दत्ता दारातच उभा होता.

"ह्या भागात दोघांची सोय परत आणलीय म्हणे. फालतूच असणार. पण तपासायला दोघं लागतात."

"मला साडेचारला हिच्याबरोबर भांडुपला जायचंय," मी म्हणालो. "एक विकेट खेळतो. आऊट झालो की निघालो."

त्याच्याकडे गेलो तर टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. दोन कपांत चहा ओतून वर बश्या झाकलेल्या. दुसरा कंट्रोलर त्याने माझ्यासमोर खोक्यातून काढला.

बॅटिंग मी घेतली. आयुष्यात असला कंट्रोलर मी हातात धरला नव्हता. बॅट फिरवायचं बटण सापडेपर्यंत चेंडू आला आणि मधला स्टंप घेऊन गेला. सामना एका चेंडूत संपला. चहा अजून पिण्याइतका निवलाही नव्हता.

"झालं," म्हणत मी उठलो.

दत्ता पडद्याकडेच बघत होता. इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला साध्या कॅरममध्येही एक सोंगटी सोडली नव्हती.

"नो बॉल होता," तो म्हणाला.

"अरे, पंचाने बोट वर केलंय."

"ह्या पंचाला काय कळतं? बस खाली. परत टाकतो."