महिनाभराची सल्लाबंदी

अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्यानंतर माणसाला लागणारी चौथी मूलभूत गोष्ट म्हणजे दुसऱ्याची चूक. पहिल्या तिन्हींवाचून माणूस थोडाफार तग धरतो. चौथी नसेल तर घरात बोलायचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

आमची ही गरज माझे मेहुणे, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, वर्षानुवर्षं एकहाती भागवत आले. ते शिंपी आहेत. मशीनवर बसले की गालात तंबाखू. ती सुटावी म्हणून होणाऱ्या उपदेशाची वाटणी रीतसर होती: बहीण पन्नास टक्के, तिच्या सासूबाई तीस आणि पलीकडच्या गल्लीतून येऊन मी वीस. (दुकानाशेजारचा न्हावीही अधूनमधून बोले, पण तो हौशी.) परिणाम शून्य होता, तरी कामात कधी खंड पडला नाही. निकालावर नजर ठेवून सल्ला देणं हे धंदेवाईकांचं लक्षण.

मग मेहुण्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तर जेमतेम दोन बोटं आत गेली. "आत्ता सोडलीत तर बरं होईल, नाहीतर कापायची वेळ येईल," असं सांगून त्यांनी आम्हाला इस्पितळातल्या समुपदेशक बाईंकडे धाडलं. कुटुंबाचा प्रतिनिधी म्हणून मी सोबत होतो.

एक्स-रेच्या खोलीला लागून तीन खुर्च्यांची खोली. बाई वयानं लहान, पण शिकलेल्या. मेहुण्यांना चार खडे बोल ऐकवतील अशी मला आशा होती. त्यांनी विचारलं, "तंबाखूचं तुम्हाला काय आवडतं?"

मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. (चोराला कुणी विचारतं का, तिजोरी कशी वाटली?)

मेहुणे विचारात पडले. "तोंडात असली की बोलता येत नाही," ते म्हणाले. "घरात सगळे सुरू झाले की ते बरं पडतं. उत्तर द्यावं लागत नाही."

मी खाकरलो. बाईंनी लक्ष दिलं नाही.

"आणि सोडणं किती महत्त्वाचं वाटतं? दहापैकी?"

"दहा," मी म्हणालो.

"चार," मेहुणे म्हणाले.

इथे कानउघाडणी व्हायला हवी होती. बाई म्हणाल्या, "चार. मग त्याहून कमी, एकच का नाही?"

मेहुणे पंख्याकडे बघत म्हणाले, "जीभ सारखी त्या चट्ट्याकडे जाते. भीती वाटते हो. पण घरी बोललो, की 'बघा, आम्ही सांगत होतो' म्हणतील."

"म्हणजे घाबरलाय, आणि तेही एकट्यानंच."

मेहुण्यांनी डोळे पुसले. त्या भेटीत बाईंनी एकही सल्ला दिला नाही. (पदाच्या नावात उपदेश आहे, आमच्या वाट्याला कणही आला नाही.) सकाळची पहिली चिमूट सोडून बघतो, हेसुद्धा मेहुणेच आपणहून बोलले. बाईंनी एवढंच मागितलं, की महिनाभर घरात तंबाखूवरून कुणी ब्रही काढायचा नाही.

"काहीच नाही?" बहीण रडकुंडीला आली. "मग दादा, मी त्यांच्याशी बोलू काय?"



व्यसन सुटताना होणारा त्रास सगळा आम्हाला झाला. सासूबाईंची झोप उडाली. बहिणीला गच्चीवर नेऊन दोरीवरच्या कपड्यांशी मोकळेपणानं बोलू द्यावं लागलं. मी बसथांब्यावर एका अनोळखी गृहस्थांना बुटाची नाडी बांधण्याची योग्य पद्धत समजावली. मेहुणे मात्र ठीक होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी डबी उघडली, आणि घरी येऊन स्वतःच तसं सांगितलं. बहिणीनं ओठांवर आलेलं सगळं गिळलं आणि फक्त "मग?" म्हणाली. "मग थुंकली," ते म्हणाले. त्यानंतर जेवण थंड होईपर्यंत दोघं बोलत बसली. मेहुण्यांचा आवाज चांगला आहे, हे मला तेव्हा कळलं.

पुढे तंबाखू सुटली. चट्टा फिका पडतोय, असं डॉक्टर म्हणतात. हा आमच्याच सल्ल्यांचा उशिरा आलेला गुण आहे, हे मी मेहुण्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "दादा, तुमचं ऐकून आजवर कोण कोण सुधारलं?" मला चटकन नाव आठवेना, म्हणून मी त्यांना जेवणानंतर शतपावली सुचवली.

असो. हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल, ज्यानं हे वाचायलाच हवं. त्यांना जरूर द्या. फक्त तुम्ही पोहोचायच्या आधीच त्यांनी तुमच्यासाठी एक प्रत काढून ठेवली असेल, तर मुकाट्यानं घ्या.