कासवीचं घरटं आणि गास्पारेचं कलिंगड

कलिंगडाला नुसती थाप मारून ते आतून कसं आहे हे सांगणारा माणूस अख्ख्या सिसिलीत एकच, असं गास्पारेचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे अर्थातच गास्पारे! त्या जुलैतल्या रविवारी त्याने चौदा किलोचं धूड निवडलं, अभयारण्याच्या किनाऱ्यावर होडीतून उतरवलं आणि पोत्यात घालून वाळूवरून फरफटत वर नेलं. गेल्या वर्षी पाण्याकाठी गार करायला पुरलेलं कलिंगड लाटेने पळवलं होतं, आणि त्याची बायको अगातीना ते काही विसरायला तयार नव्हती. म्हणून या खेपेला त्याने चांगला हातभर खड्डा खणला, खालच्या ओल्या वाळूत कलिंगड पुरलं आणि निर्धास्त पोहायला गेला.

तासाभराने येऊन बघतो तर तिथे चार खुंट्या, लाल दोरी आणि मेहुणा नून्झिओ! नून्झिओ तिथला वनरक्षक. या किनाऱ्यावर कासवी अंडी घालायला येईल म्हणून बिचारा अकरा वर्षं वाट बघत होता. गावाने त्याचं नावच 'कासवांची सुईण' ठेवलं होतं.

"दाजी, आली हो ती!" त्याचे डोळे भरून आले होते. "ही बघा, पाण्यापासून सरपटत आल्याची खूण! केवढी असेल!"

"चौदा... म्हणजे, असेल बरीच मोठी."

"आता पिल्लं बाहेर येईपर्यंत पन्नास दिवस कोणी बोट लावायचं नाही. लावलं तर माझ्याशी गाठ आहे!"

तिकडे एकोणीस नातेवाइकांची पंगत मॅकरोनीचा फडशा पाडून बसली होती.

"अहो, कलिंगड आणताय ना?" अगातीना ओरडली.

"गार व्हायचंय अजून!"

"किती वेळ?"

"पन्नास... मिनिटं!"

एवढ्यात नून्झिओने फोन काढला. "शहरातल्या कचेरीला कळवतो. साहेब येतील, टीव्हीवाले येतील! बघू आता मला कोण हसतंय!"

गास्पारेने त्याचा हात धरला. याच किनाऱ्यावर त्याने ह्या पोराला बोट धरून पोहायला शिकवलं होतं. उद्या टीव्हीसमोर याचं हसं झालं तर?

"ठेव तो फोन," तो कसाबसा म्हणाला. "कासवी नाही रे आली. मी आलो होतो."

नून्झिओने फोन खाली ठेवला. मग गुडघ्यावर बसून, अंडी फुटू नयेत अशा हाताने, त्याने वाळू बाजूला केली. हिरवीगार पाठ वर आली. त्याचा चेहरा गास्पारेला बघवेना.

नून्झिओने खिशातला चाकू काढला आणि कलिंगड चिरलं.

आतून पांढरंफटक! बियासुद्धा पांढऱ्या!

नून्झिओने एकदा कलिंगडाकडे पाहिलं, एकदा गास्पारेकडे, आणि हसत हसत वाळूत बसकणच मारली.

"दाजी, तरी मी सांगत होतो! पन्नास दिवस हात लावू नका म्हणून!"