सावंत सर आणि अकराव्या मजल्यावरची म्हातारी

आमचे सावंत सर रोज संध्याकाळी रिकाम्या घरांची बेल वाजवायचे.

उलव्यात राहणाऱ्याला रिकाम्या घरांचं काही वाटत नाही, कारण इथे तीच जास्त. एअरपोर्ट येणार म्हणून ठाण्या-पुण्याच्या लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले आणि कुलपं लावून गेले. संध्याकाळी दिवे लागले की आमचा टॉवर दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. खाडीवरून वारा सुटला की बंद दारांच्या फटींतून बारीक हुंकार येतो. कोणीतरी आत बसून मान डोलावतंय असं वाटतं.

अशा बिल्डिंगमध्ये सर बाराव्या मजल्यावरून सुरुवात करून एकेक मजला खाली यायचे. शर्ट इन केलेला, केस ओले करून बसवलेले. प्रत्येक कुलूपबंद दारापुढे उभं राहायचं, बेल दाबायची, पाहुण्यासारखी वाट पाहायची, मग दाराला विचारायचं, "सगळं ठीक ना?" आणि पुढे. बिल्डरने सगळ्यांना एकच चिमणीची बेल बसवलेली. मी नवव्यावर पोळ्या करत असायचे आणि डोक्यावरच्या रिकाम्या घरात ती प्लॅस्टिकची चिमणी ओरडायची. मग थोड्या वेळाने पुन्हा, अजून जवळ. सुरुवातीचे काही दिवस माझी एक पोळी रोज करपायची.

एकदा मी धीर करून कारण विचारलं. ते म्हणाले, "ताई, घराला बेलची सवय ठेवावी लागते. नाहीतर उद्या माणूस राहायला आला तर घर बिचकतं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण सर गंमत करत नसत. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेला माणूस. कणकवलीकडचे, त्यामुळे बोलणं कमी आणि शंका जास्त. 'तपासून बघू' हे त्यांचं पेटंट वाक्य. गणपतीत कोणी मोदक छान झालेत म्हणालं तरी सर म्हणणार, तपासून बघू. कसे आहात, असं विचारलं तर आधी स्वतःची नाडी बघून मग उत्तर द्यायचे. आमच्या सेक्रेटरींनी त्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं सोडून दिलं, कारण सर आधी आकाशाकडे बघायचे.

त्यांचा आणि आमचा खरा संबंध आला तो माझ्या मुलीमुळे, मुक्तामुळे. दहावीनंतर तिला विज्ञानाच्या एका खास शाळेत जागा मिळाली. अकरावी-बारावी, निवड परीक्षा, मोठ्या प्रयोगशाळा, गच्चीवर दुर्बीण. माझा नवरा सुधीर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याला ही जागा म्हणजे लॉटरीच वाटली. अडचण एवढीच होती की मुक्ताला इतिहास आवडायचा, भाषा आवडायच्या, आणि सगळ्यात जास्त आवडायची ती माणसांची बोलणी. बाजाराच्या कोपऱ्यावर हिराबाई मासळी विकायला बसतात, तिथे मांदेली आणायला गेलेली ही पोर तासाने परत यायची, आणि मांदेली विसरून यायची.

सावंत सरांनी निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलं होतं, म्हणून मी त्यांना विचारायला गेले. शाळा उत्तम आहे, त्यांनी सांगितलं. शिक्षक चांगले, मुलं हुशार, कोणी छळत नाही. माझ्या मुलीला तिथे आवडेल का, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तपासून बघू."

मुक्ता जायला लागली. मार्कही चांगले मिळाले. शाळेतून आल्यावर ती एका मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली, दिवेलागणीला परत यायची, जेवायची, झोपायची. काय शिकलीस, विचारलं तर नीट सांगायची, बातम्या सांगतात तसं.

पावसाळा सरत आला आणि आमच्या वॉचमनने, जाधवने, अकराव्या मजल्यावर जायला नकार दिला.

जाधव साताऱ्याचा, अंगाने दणकट. त्याचं म्हणणं होतं की ११०३च्या आत एक म्हातारी बोलते. त्या फ्लॅटला कुलूप नव्हतं, लॅच होतं, आणि त्याची चावी आमच्याच घरी खिळ्याला होती. मालकीणबाई माझ्या ओळखीच्या, नाशिकला राहतात, गळती वगैरे बघायला चावी माझ्याकडे देऊन गेलेल्या. मी गेल्या कित्येक दिवसांत वर फिरकले नव्हते. जाधव सांगत होता की म्हातारी इथल्या जुन्या गावातल्यासारखी बोलते, पाणी आहे म्हणते, मी जाणार नाही म्हणते. हे ऐकून कोणी जाधवला वेड्यात काढलं नाही. कारण आमच्या खिडकीतून जिथे आता विमानं उतरताना दिसतात तिथे पूर्वी गावं होती, हे आम्हाला माहीत होतं. ती उठून दुसरीकडे गेली, हेही माहीत होतं. त्याच्यापुढे कोणी विचार केला नव्हता.

सोसायटीची मीटिंग झाली. कोणी वास्तुशांत करायची म्हणालं, कोणी मालकिणीला फोन करा म्हणालं. सर उठले आणि त्यांनी समजावून सांगितलं की आवाजाला हवा लागते, हवेला फुफ्फुस लागतं आणि भुताला फुफ्फुस असल्याची नोंद नाही. तेव्हा आपण स्वतः तपासून बघू. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीला लावून ऐकायला स्टीलचा पेला घेऊन अकराव्यावर जाऊ लागले. बेल वाजवणं बंद झालं. खाली आल्यावर काय कळलं विचारलं तर म्हणायचे, प्रयोग चालू आहे. प्रयोग चालूच राहिला. सरांवरच काहीतरी परिणाम झालाय, असं सेक्रेटरींचं मत पडलं.

शेवटी एका संध्याकाळी मीच चावी घेऊन जायचं ठरवलं. खिळ्यावर चावी नव्हती.

मी जिन्याने वर गेले. अकराव्यावरचा पॅसेज अंधारा होता. टोकाच्या काचेतून उतरणाऱ्या विमानाचा दिवा आला, भिंतीवरून सरकत गेला आणि त्या उजेडात मला सर दिसले. ११०३च्या बाहेर पेपर अंथरून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेले. पेला मांडीवर उपडा. मला वाटलं, गेले. मग त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

आतून म्हातारी बोलत होती.

"सगली गेली. मी नाय जायची. पानी हाय अजून खाली. पानी टाकून जायाचं कसं?"

घोगरा, दमलेला आवाज. प्रत्येक वाक्यानंतर एक लांब श्वास. तिथे विहीर होती, आंबा होता, ती सांगत होती, आणि रिकाम्या खोलीत तिचा शब्द भिंतीला लागून परत येत होता. मध्येच ती खोकली. तो खोकला मी ओळखला. रात्र रात्र उशाशी बसून ऐकलेला खोकला होता तो.

मी दाराकडे धावले. सरांनी माझा पदर धरला. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही केलं असेल त्यांनी.

"ताई, वाक्य संपू दे," ते कुजबुजले.

मी थांबले. वाक्य संपलं. मग मी बेल दाबली आणि मुक्ताने दार उघडलं. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिच्या मागे पूर्ण रिकामा हॉल. ती घाबरली नाही, रडलीही नाही. हिराबाईंच्या आतेसासूची गोष्ट आहे, तिने सांगितलं. सगळं गाव उठलं तेव्हा विहिरीवर बसून राहिली होती ती. हिराबाईंनी सांगितलेलं विसरायला नको म्हणून मुक्ता रोज ते बोलून बघत होती, त्यांच्याच आवाजात. मैत्रीण वगैरे कोणी नव्हती.

शाळेत कोणी त्रास देतं का, मी विचारलं.

"नाही गं आई. सगळे चांगले आहेत. मला सगळं येतं पण. फक्त तिथे मी दिवसभर बोलले नाही तरी चालतं."

त्या दिवशी सर आमच्या घरी आले आणि सुधीरशी बोलले. सुधीरला पटेना. जागा सोडायची म्हणजे काय, लोक तिच्यासाठी रांग लावतात, आणि तिथे हिला कमी काय आहे, दुर्बीणसुद्धा आहे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नापास होणारी मुलं मला लगेच ओळखू यायची हो. गप्प होत जाणारी नाही यायची. ती पास व्हायची ना." थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं की चूक त्यांची आहे. त्यांनी शाळा तपासली होती, मुलगी तपासली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुक्ताला बेलापूरच्या एका कॉलेजात आर्ट्सला जागा मिळाली. बरोबर केलं की चूक, मला अजून ठामपणे सांगता येणार नाही. सुधीर महिनाभर घुम्यासारखा होता. पण मुक्ता जेवताना बोलायला लागली, इतकी की तिला जेव म्हणून सांगावं लागतं. ११०३ शांत झालं. जाधव पुन्हा वर जाऊ लागला.

एका रविवारी सकाळी सर दारात उभे. काही काम नव्हतं. चहा घेतला, पंख्याकडे बघितलं, आणि मग एकदम त्यांच्या बायकोबद्दल बोलू लागले. नलिनीबाई म्युनिसिपल शाळेत मराठी शिकवायच्या. संध्याकाळी सर भांडी घासायचे आणि त्या ओट्याशी उभं राहून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायच्या, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. सर तेव्हा त्यांना हळू वाचायला सांगायचे, शेजारी काय म्हणतील म्हणून. त्या गेल्यापासून घरात कोणी मोठ्याने काही वाचलं नव्हतं.

"मुक्ताचा आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता," ते कपाकडे बघत म्हणाले. "तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं."

तेवढ्यात मुक्ता केस पुसत बाहेर आली. सर गडबडून उभे राहिले, विद्यार्थी उभा राहतो तसे.

"मुक्ता," त्यांनी विचारलं, "त्या विहिरीवरच्या बाईचं पुढे काय झालं?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. टॉवेल खुर्चीवर टाकून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कुठपर्यंत ऐकलं होतं तुम्ही?" तिने विचारलं.